कंदीलफुलाचा वेल पिवळा पडतो, कळ्या गळतात, कंद कुजतो: काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

आधी लक्षणं. जुलैत हातभर वाढलेला वेल ऑगस्टात खालून पिवळा पडू लागतो, शेंडा मात्र हिरवाच असतो. कळ्या धरतात, पण उमलायच्या आधीच गळतात. मातीलगतचं खोड काळपट आणि मऊ होतं, बोट लावलं की साल निसटते. मृग गेला, आर्द्रा सरल्या, तरी कोंब वर येत नाही. उकरून पाहावं तर कंदाच्या जागी तपकिरी लगदा आणि आंबूस वास. किंवा याच्या अगदी उलट, वेल ठणठणीत, फुलं भरपूर आणि शेंग एकही नाही.

मी जावळी तालुक्यात बियांपासून कंदीलफुलाची रोपं करते. खरपुडी म्हणा, हमण म्हणा, गावागणिक नाव बदलतं. सातारा-सांगलीतल्या शाळा, कॉलेजं आणि घरच्या गच्च्यांवर ही रोपं जातात आणि पावसाळा अर्ध्यावर आला की त्यातल्या काही कुंड्या दुरुस्तीला माझ्याकडे परत येतात. गाऱ्हाणी वेगवेगळी असतात, पण बहुतेकांच्या मुळाशी दोनच गोष्टी निघतात. पाणी निघून जायला वाट नसते आणि वेल झोपलेला असताना त्याला पाणी घातलं जातं.

हा वेल मुळात कुठे उभा असतो ते एकदा डोळ्यांपुढे आणा, म्हणजे पुढची प्रत्येक तपासणी का सांगते आहे ते कळेल. कंदीलफुलाच्या कुळीचं शास्त्रीय नाव सेरोपेजिया, या कुळीच्या पन्नासहून जास्त जाती भारतात आहेत आणि त्यातल्या बऱ्याच फक्त सह्याद्रीत, त्याही काही मोजक्या डोंगरांवर सापडतात. काही जाती गवतात सरळ उभ्या राहतात. कास पठारावरची छोटीशी सेरोपेजिया जैनी तशी. बाकीच्या वेली आहेत. त्या जंगलाच्या कडेला, कुंपणात, कारवीच्या काठ्यांना विळखे घालत चढतात. कंद बसलेला असतो जांभ्याच्या फटीत किंवा मुरमाच्या उतारावर. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो, तरी तिथल्या उतारावर कंद कुजत नाही. सांगलीला पाच-सहाशे मिलिमीटर पडतो आणि कुंडीतला कंद सडतो. डोंगरावर पाणी येतं आणि निघून जातं. कुंडीत ते बसून राहतं.

आता तपासण्या. याच क्रमाने करा. पहिल्या तिन्हींना पैसा लागत नाही आणि निम्म्याहून जास्त कुंड्या तिथेच सुधारतात.

महिना कोणता ते बघा

हस्ताचा पाऊस सरला की वेल पिवळा पडायचाच. ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरात पानं झडतात, वेल वाळून काडी होतो आणि कंद पुढच्या पावसापर्यंत निजतो. यात काहीही बिघडलेलं नाही. वाळव्याकडच्या एका शिक्षकांचा दिवाळीत फोन आला, "ताई, वेल गेला, आम्ही रोज दोन वेळा पाणी घालतोय तरी." वेल गेला नव्हता. त्या दोन वेळच्या पाण्याने मात्र तो गेला असता. पानं नसलेला कंद पाणी ओढत नाही. ते पाणी मातीत राहतं, बुरशी धरते आणि थंडीभर आतल्या आत कंद सडतो. जूनमध्ये कोंब न येण्याचं कारण बहुतेक वेळा आदल्या डिसेंबरात घडलेलं असतं.

म्हणून वेल वाळला की पाणी बंद. पूर्ण बंद. कुंडी पाऊस आणि दुपारचं ऊन लागणार नाही अशा जागी सरकवा, वर जातीचं नाव आणि तारीख लिहिलेली पट्टी खोचा. पट्टी नसली तर घरातलं कुणीतरी "रिकामी" कुंडी म्हणून त्यात कोथिंबीर पेरतं आणि रोज शिंपत बसतं. वळवाच्या सरीही चुकवा. एका सरीने कोंब जागा होतो, मग तीन आठवडे कडक ऊन पडतं आणि कोंब जळतो. मृगाचा पाऊस नीट लागला की कुंडी बाहेर काढा.

पिवळेपणा जुलै-ऑगस्टात आला असेल तर मात्र पुढे चला.

कुंडी उचला, मग भोक बघा

पाणी घालायच्या आधी कुंडी उचलून बघायची सवय लावून घ्या. दोन दिवस पाऊस नसूनही कुंडी जड लागत असेल तर आत पाणी साचलं आहे. बोट दोन पेरं मातीत घाला. वरचा थर कोरडा आणि खाली चिखल, हे मला सगळ्यात जास्त दिसतं. वरची कोरडी माती पाहून माणूस आणखी पाणी घालतो आणि खालचा चिखल वाढत जातो.

मग कुंडी आडवी करा. प्लास्टिकच्या कुंड्यांची भोकं पुष्कळदा नीट फोडलेलीच नसतात, किंवा मुळांनी आणि चिखलाने बुजलेली असतात. तापवलेल्या खिळ्याने भोकं मोठी करा. खालची बशी काढून टाका, पावसाळ्यात तर तिचा काही उपयोगच नाही. कुंडी दोन विटांवर ठेवा, तळ जमिनीपासून सुटायला हवा. गच्चीवर सिमेंटला चिकटून बसलेल्या कुंडीचं भोक कितीही मोठं केलंत तरी पाणी उतरत नाही.

एवढं करून चार-पाच दिवस थांबा. नवी पानं हिरवी येऊ लागली तर आणखी काही करू नका. जुनी पिवळी पानं परत हिरवी होत नाहीत, ती गळू द्या.

उजेड आणि आधार

वेलाचं खोड सावलीत आणि शेंडा उजेडात, अशी जागा याला मानवते. कंदावर थेट ऊन तापलं की कळ्या गळतात. सांगली-मिरजेकडे ऑगस्टात पावसाने उघडीप दिली की काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत माती किती तापते ते हात लावून बघा. मातीची कुंडी घ्या, किंवा पिशवी दुसऱ्या कुंडीच्या आडोशाला ठेवा. आधाराला बारीक काडी लागते. कारवीची किंवा तुरीची चालते. जाड बांबूला हा वेल धरत नाही, घसरतो, वाऱ्याने खोड मातीलगत हलत राहतं आणि तिथे जखम होते. जखमेतून कुज आत शिरते.

पानाची मागची बाजू

शेंड्याची पानं मुडपलेली, कळ्यांच्या देठांवर पिवळे ठिपके आणि वेलावर मुंग्यांची ये-जा दिसली तर तो मावा आहे. रुईच्या झाडावर असतो तोच पिवळा. हा कळ्यांचा रस शोषतो, म्हणून कळ्या गळण्याचं हे मोठं कारण आहे. शेंडा हातावर धरून पाण्याची बारीक धार मारा, दोन दिवसांनी पुन्हा मारा. नाही हटला तर अंगाच्या साबणाचं पातळ पाणी किंवा निंबोळी अर्क, तोही संध्याकाळी आणि उमललेली फुलं चुकवून. फुलांवर औषध का पडू द्यायचं नाही, ते शेंगांपाशी सांगते. उसावर मारायला आणलेलं औषध यावर कधीही फवारू नका.

पानं कडेपासून कुरतडलेली असतील तर अळी शोधा. पांढरे-काळे-पिवळे पट्टे आणि पाठीवर काळ्या शिंगांच्या जोड्या असलेली अळी म्हणजे बिबळ्या कडवा या केशरी फुलपाखराची. तिला मारायचं कारण नाही. पान तोडून अळीसकट जवळच्या रुईवर ठेवा, ती तिथे सुखाने वाढते. हा वेल आणि ते फुलपाखरू एकाच रानातले सोबती आहेत, एकाला वाचवताना दुसऱ्याला चिरडणं मला पटत नाही. गोगलगाय मात्र कोवळा कोंब एका रात्रीत संपवते. रात्री बॅटरी घेऊन शोधा आणि उचलून लांब टाका.

पाण्यातला क्षार

कुंडीच्या काठावर पांढरा थर आणि पानांच्या कडा करपलेल्या, ही कृष्णाकाठच्या बोअरच्या पाण्याची खूण. तिथली बागायती जमीनच कितीतरी ठिकाणी क्षारपड झाली आहे. जंगलात या वेलाला फक्त पावसाचं पाणी मिळतं. पत्र्यावरचं पाणी पिंपात साठवून तेच घाला.

माती

इथून पुढे काम वाढतं. भोक ठीक आहे, पाणी बेताचं आहे, कीड नाही, तरी वेल पिवळा होत असेल तर मातीच चुकली आहे. काळी माती या वेलाला मारक. ती भिजली की फुगते आणि सुकली की आवळते, दोन्हीत मुळं तुटतात. निव्वळ कोकोपीटही नको, वरून कोरडं दिसतं आणि आत ओलं राहतं.

मी वापरते ते मिश्रण असं. दोन भाग चाळलेला मुरूम किंवा जांभ्याचा भुगा, एक भाग तांबडी माती, एक भाग जाड वाळू किंवा विटांचा चुरा, आणि मूठभर पानांचं कुजलेलं खत. तळाला खापऱ्या. मिश्रण कुंडीत भरून वर तांब्याभर पाणी ओता. दहा-पंधरा सेकंदांत खालून धार लागली पाहिजे. थेंब थेंब पडत असेल तर आणखी मुरूम मिसळा.

शेणखताबद्दल जरा थांबून सांगते. अर्धवट कुजलेल्या शेणखतातून हुमणी येते. ऊस आणि भुईमूग करणाऱ्यांना ती वेगळी ओळखून द्यायला नको. पांढरट, इंग्रजी सी अक्षरासारखी वाकलेली, तपकिरी डोक्याची अळी. एखादी जरी कुंडीत शिरली तरी कंद पोखरून टाकते आणि वरून दिसतं ते फक्त वेलाचं मलूल होणं. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंबावर, बाभळीवर हुमणीचे भुंगेरे जमतात, त्यांची अंडीही मातीत पडतात. त्या दिवसांत कुंडीच्या तोंडावर बारीक जाळी बांधा आणि शेणखत घालायचंच असेल तर वर्षभर मुरलेलं, चाळून, हाताने बघून घाला.

माती बदलायची योग्य वेळ मे महिना, कंद निजलेला असताना. वाढत्या वेलाची माती बदलली की मुळं तुटतात आणि वेल महिनाभर रुसतो. कुज सुरू झाली असेल तरच भर पावसाळ्यात हात घाला.

कंद बाहेर काढणं

खोड मातीलगत मऊ झालं असेल किंवा आर्द्रा संपूनही कोंब नसेल, तर आणि तरच हे करा. उगाच "आत काय चाललंय" म्हणून दर आठवड्याला उकरून बघणारे मला ठाऊक आहेत. त्यांचा कंद कुजेने जात नाही, उकरण्याने जातो.

कुंडी आडवी करून सगळी माती एका घमेल्यात सोडा, खुरपं लावू नका. कंद चपटा-गोल असतो. वरच्या बाजूला मधे किंचित खळगा आणि त्यात जुन्या खोडाचा खुंट किंवा बारीक डोळा दिसतो, मुळं खालून निघतात. अंगठ्याने हलकेच दाबून बघा. टणक असेल तर कंद जिवंत आहे, घाई नको. सुरकुतलेला पण टणक असेल तर तो तहानलेला आहे, ओलसर मुरमात ठेवला की आठवड्या-दोन आठवड्यांत भरून येतो. एका जागी बोट रुतत असेल तर कुज आहे. सगळाच लगदा झाला असेल तर तो कंपोस्टमध्येही टाकू नका, मातीसकट लांब पुरा, आणि ती कुंडी उकळत्या पाण्याने धुतल्याशिवाय पुन्हा वापरू नका.

अर्धवट कुजलेला कंद वाचतो. सुरी आचेवर तापवून गार करा. कुजलेला भाग कापा आणि आतला गर पांढरास्वच्छ दिसेपर्यंत कापत जा. तपकिरी रेघ जरी राहिली तरी ती पुन्हा पसरते, म्हणून हात आखडता घेऊ नका. प्रत्येक कापानंतर सुरी पुसून पुन्हा तापवा. कापलेल्या जागी कोळशाची बारीक पूड दाबून भरा आणि कंद सावलीत, वाऱ्यावर चार-पाच दिवस सुकवा. जखमेवर खपली धरल्यावरच कोरड्या नव्या मिश्रणात लावा, डोळा वर आणि त्यावर दोन-तीन सेंटिमीटर मुरूम. पहिला आठवडा पाणी नाही, नंतर कडेने थोडं. डोळाच कुजला असेल तर त्या कंदाची आशा धरू नका. अशा वेळी वेलाचा वरचा हिरवा भाग दोन-तीन पेरं ठेवून कापून ओल्या वाळूत लावून बघा. सगळेच धरत नाहीत, पण धरलेला एखादा पेराशी नवा कंद करतो.

कोंब येत नसलेला कंद टणक निघाला, तर तो उलटा तर लावलेला नाही ना ते बघा. खळगा खाली असला की कोंब वळसा घेऊन वर यायला पाहतो आणि वाटेतच दमतो.

फुलं येतात, शेंग धरत नाही

याला बिघाड म्हणायचं का, हा प्रश्नच आहे. फुलाची रचना बघितली की उत्तर सापडतं. पाच पाकळ्यांची टोकं वर जुळून कंदिलाची कमान करतात, खाली नळी, आणि तळाशी फुगीर कोठी. एक वाळू लागलेलं फूल ब्लेडने उभं चिरा आणि भिंगाखाली धरा. नळीच्या आत खालच्या दिशेला वळलेले केस दिसतील. वासाने ओढली गेलेली चिलटाएवढी माशी या केसांवरून आत घसरते आणि परत वर चढू शकत नाही. कोठीत फिरताना परागांच्या पिशव्यांची जोडी तिला चिकटते. मग केस कोमेजतात, फूल कलतं आणि माशी सुटते. ती दुसऱ्या वेलाच्या फुलात अशीच अडकली आणि पिशवी नेमक्या फटीत बसली, तरच शेंग धरते.

म्हणजे शेंगेला दोन गोष्टी लागतात, बारीक माश्या आणि दुसरा वेल. कुंडी जाळीच्या घरात असेल तर फुलाच्या दिवसांत बाहेर ठेवा. कीटकनाशक बंद करा, मघाशी मावा हटवताना फुलं चुकवा म्हटलं ते यासाठीच. वेगळ्या बीपासून वाढवलेला त्याच जातीचा दुसरा वेल शेजारी ठेवा. एकाच कंदापासून केलेले दोन तुकडे शेजारी ठेवून माझ्याकडे फारसा फरक पडलेला नाही. शेंगा जोडीने येतात, बारीक आणि शिंगासारख्या. पिवळसर होऊ लागल्या की त्यांना पातळ मलमलीची पिशवी बांधा. तडकल्या की रेशमी झुपक्याचं बी वाऱ्यावर निघून जातं. ताजं बी चांगलं उगवतं, जुनं होईल तसं कमी उगवतं, तेव्हा पुढच्या मृगातच पेरा. पहिल्या वर्षी वाटाण्याएवढा कंद होतो, फुलासाठी दोन-तीन पावसाळे धीर धरावा लागतो.

कुठे थांबायचं

कुंडीतली जात कोणती हे नक्की माहीत नसेल, तर कंद कापायच्या आधी थांबा. या कुळीतल्या बऱ्याच जाती फुलाशिवाय ओळखू येत नाहीत. पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणातले एम. वाय. अन्सारी यांनी सह्याद्रिका, नूरजहानी, ह्युबेरी अशा जाती गेल्या शतकाच्या उत्तरार्धात वेगळ्या ओळखल्या, तोवर त्या शास्त्राला ठाऊकच नव्हत्या. साध्या हिर्सुटा किंवा बल्बोसाचा कंद हातून गेला तर बी पुन्हा मिळेल. एखाद्याच डोंगरावर उरलेल्या जातीचा गेला तर मिळणार नाही. अशी जात हाती असेल तर माती बदलण्याच्या पुढे जाऊ नका. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतीशास्त्र विभागाने या कुळीवर डॉ. एस. आर. यादव यांच्या काळापासून खूप काम केलं आहे आणि तिथल्या बागेत या जाती जपल्या आहेत. पुण्याला सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे. दोन्हीकडे विचारता येतं.

एकाच वेळी तीन-चार कुंड्या काळ्या पडू लागल्या तरी थांबा. ती कुज मातीतून पसरते आहे, आणि बाजारातली बुरशीनाशकं एकामागून एक ओतून ती आटोक्यात येत नाही. निरोगी कुंड्या लगेच वेगळ्या करा, त्यांना हात लावायच्या आधी हात आणि अवजारं धुवा. आजारी कंदाचा तुकडा मातीसकट कागदात गुंडाळून कृषी महाविद्यालयाच्या वनस्पती रोगशास्त्र विभागात दाखवा. कोणती बुरशी आहे ते कळल्यावरच औषध ठरतं.

आणि हे दुरुस्तीचं काम फक्त कुंडीतल्या वेलासाठी. बांधावर, कुंपणात, रानात उभा असलेला वेल पिवळा दिसला, रानडुकराने किंवा साळिंदराने कंद उकरलेला दिसला, तरी तो "वाचवायला" घरी आणू नका. कंदाचा एखादा तुकडा जागेवर उरला असेल तर त्यावर माती लोटून द्या, एवढंच. कोयना, चांदोलीसारख्या संरक्षित जंगलातून परवानगीशिवाय कंद काढणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि राखीव वनात 1927 चा वन कायदा लागतो. कायदा बाजूला ठेवला तरी उपटून आणलेला रानातला कंद कुंडीत क्वचितच टिकतो. पहिल्याच वर्षी कुजून माझ्याकडे येणाऱ्या कंदांत असे बरेच असतात, विशेषतः ऑनलाइन विकत घेतलेले. विकणाऱ्याला कंद बियांपासून केला का ते विचारा, सरळ उत्तर मिळालं नाही तर घेऊ नका.

रस्ता रुंदीकरणात किंवा बांधकामात एखादी जागाच जाणार असेल तर वनरक्षकाला आणि ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला लेखी कळवा. सोबत फुलाचे समोरून, बाजूने आणि पानासह असे फोटो, तारीख आणि जागेची खूण द्या. वेल दुसरीकडे हलवायचा की नाही ते त्यांनी तज्ज्ञांना विचारून ठरवायचं. फोटो सगळ्यांना दिसतील असे टाकायचे असतील तर त्यातून नेमकी जागा काढून टाका, फक्त तालुका लिहा.